नाव सांगून केलेली चोरी

समितीने हुमेद यायोच्या प्रबंधावर 'चोरी' असा शेरा मारला, तेव्हा तो तडक माझ्या खोलीत आला आणि दारातच उभा राहिला. बस म्हटलं, बसला नाही. पाणी पुढे केलं, घेतलं नाही. इथिओपियाच्या या वाळवंटी मुलखातल्या अफार माणसाने भर उन्हात पाणी नाकारलं की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

"बाई, मी कोणाची बकरी नेली?"

"बकरी नाही रे, वाक्यं नेलीस."

"कोणाची?"

"ओडेरोंची."

"पण मी नाव सांगितलंय! प्रत्येक ठिकाणी सांगितलंय! चोर कधी नाव सांगून चोरी करतो का?"

असा बिनतोड प्रश्न कोणी विचारला की मला राग येतो. मी कोरडवाहू शेतीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना इंग्रजी लेखन शिकवते. डोंगरावरच्या थंड गावातून या भट्टीत आले ती वर्षभरासाठी, आणि इथलीच झाले. इथली भाषा मला बऱ्यापैकी येते. निदान भांडायला आणि बकरा विकत घ्यायला पुरते.

हुमेदचा प्रबंध आवाश नदीकाठची कुरणं गिळत चाललेल्या वेड्या बाभळीवर होता. मी तो पुन्हा उघडला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. दर परिच्छेदाच्या डोक्यावर त्याने लिहिलं होतं, 'हे मला केनियाचे प्राध्यापक ओडेरो यांच्याकडून कळलं. ते तिथल्या एका तळ्याकाठी राहिले, झाडं त्यांनी स्वतः मोजली, पावसाचे आकडे मात्र दुसऱ्याकडून घेतले.' इतका चोख हवाला माझा एकही विद्यार्थी देत नाही. पण त्याखाली ओडेरोंचा परिच्छेद जसाच्या तसा होता. स्वल्पविरामसुद्धा ओडेरोंचे. अवतरणचिन्ह एकही नाही, आणि पानामागून पान तसंच.

समितीचे प्रमुख डॉ. बेयेने. माणूस वाईट नाही, पण नियमाच्या बाहेर एक पाऊल टाकायचा नाही. हुमेद त्यांच्यासमोरही असाच ताठ उभा राहिला असणार, कारण ते मला म्हणाले, "अस्नाकेच, तुमचा विद्यार्थी चोर तर चोर, वर शिरजोर आहे." मी हातापाया पडून एक संधी मागून घेतली. ईस्टरच्या सुट्टीनंतर प्रबंध पुन्हा आणायचा. तेव्हाही तसाच निघाला तर पदवी विसरायची.

ही पदवी एकट्या हुमेदची नव्हती. त्याच्या भागातल्या पशुपालन कचेरीत एक जागा त्याची वाट पाहत होती. आजवर तिथे आले ते सगळे माझ्यासारखे वरून आलेले, उंटावरून शेळ्या हाकणारे. लोकांच्या भाषेत लोकांशी बोलणारा हा पहिलाच असणार होता. त्याच्या कादाफोकाकाने तर सगळीकडे सांगूनही टाकलं होतं की आता आमचा हुमेद येतोय.

"हे बघ," मी म्हटलं, "तेच तुझ्या शब्दांत लिही. सोपं आहे."

"त्यांनी चांगलं लिहिलंय. माझं इंग्रजी लंगडं. आणि बाई, ऐकलेलं बदलून सांगणाऱ्याला आमच्याकडे कोणी सावलीत बसवत नाही. त्याच्या बापाचं नाव जातं."

"बदलू नकोस रे बाबा, फक्त शब्द बदल!"

"तेच तर."

तरी माझ्या शब्दाखातर तो शब्दकोश घेऊन बसला. चार दिवसांनी पान घेऊन आला. 'मुळं खोल जातात' याचं झालं होतं 'उगमस्थानं गंभीर होतात'. 'झाड पाणी ओढतं' याचं 'वृक्ष जलाचं अपहरण करतो'. 'जनावरं शेंगा खातात' इथे 'पशू कवचांचं भोजन करतात'. मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. तो हसला नाही.

"बघा. बदललं की खोटं होतं. मी आधीच सांगत होतो."

त्याचं खरं होतं, म्हणूनच मी चिडले. "मग जा, उंट राख!" असं काहीतरी बोलून गेले आणि तो गेल्यावर मलाच वाईट वाटत राहिलं. पोरगं हुशार होतं, सच्चं होतं, आणि त्याच सच्चेपणापायी बुडायला निघालं होतं.

सुट्टी लागली. मला सणाला बकरा हवा होता. बाजारातला बकरा म्हणजे कातडीत गुंडाळलेली हाडं, म्हणून कादाफोकाकाकडूनच आणायचं ठरवलं. हुमेद घरी निघाला होताच. तेकले नावाचा ड्रायव्हर त्याची खटारा पिकअप घेऊन आला आणि आम्ही निघालो. आमचं बोलणं तसं बंदच होतं. मी खिडकीबाहेर बाभळी पाहत होते, तो समोर.

अर्ध्या वाटेवर उंटांचा तांडा आडवा आला. पुढे हुमेदच्या ओळखीचा दातो. तेकलेने न सांगता इंजिन बंद केलं आणि सीट मागे करून डोळे मिटले.

"आता झोपा बाई. डागू चालू झाला."

डागू टाळता येत नाही. वाटेत दोघं भेटले की बसायचं, आणि तू कुठून आलास, काय पाहिलंस, काय ऐकलंस, हे सगळं एकमेकांना सांगायचं. घाई असली तरी, तहान लागली तरी. दोघांनी एकमेकांचे हात चुंबले, सावलीत उकिडवे बसले. दातो सांगत होता, हुमेद ऐकत होता आणि मध्येमध्ये विचारत होता. नदी वर चढलीय. पलीकडे जायचा उतार तुटला. त्याचे दोन उंट गाळात रुतले, माणसं जमली, दोर बांधून काढले, हे त्याने स्वतः पाहिलं. टेकडीमागे नवं गवत आलंय, हे मात्र मेव्हण्याने सांगितलं, मेव्हणाही तिथे गेला नव्हता, मिठाच्या ट्रकवाल्याकडून ऐकून आला होता. मग हुमेदची पाळी. त्यात माझंही नाव आलं. 'बाई तापट आहे पण मनाने बरी,' असं काहीसं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पुढे विहिरीपाशी आस्या नावाची बाई शेळ्यांना पाणी पाजत होती. पुन्हा गाडी थांबली, पुन्हा तेकलेचे डोळे मिटले. या वेळी मी खाली उतरले, पाय मोकळे करायला. हुमेद आस्यापुढे बसला आणि म्हणाला, "टेकडीमागे गवत आहे म्हणतात. दातो सांगत होता. त्याने पाहिलेलं नाही, मेव्हण्याकडून कळलं, तोही ट्रकवाल्याच्या भरवशावर. तेव्हा आधी कोणाला तरी पाठवून बघा. आणि नदीच्या उताराने शेळ्या नेऊ नका. तिथे उंट रुततात, दातोच्या डोळ्यांदेखत रुतलेत, तर शेळ्यांचं काय!"

मी जागच्या जागी उभी राहिले. गाडीत बसेपर्यंत कसाबसा दम धरला.

"हुमेद, तू दातोचे शब्द बदललेस."

तो सर्रकन वळला. "मी? कधीच नाही!"

"उतार त्याने आधी सांगितला, तू गवत आधी सांगितलंस."

"आस्याला गवत हवं होतं."

"दोर गाळलेस."

"शेळ्यांना दोर काय करायचेत बाई!"

"उतारावरून शेळ्या नेऊ नका, असं दातो म्हणाला होता?"

"म्हणाला नाही, पण त्याचा अर्थ तोच होता ना!"

"त्याचं एक तरी वाक्य जसंच्या तसं सांगितलंस?"

तेकले गालातल्या गालात हसायला लागला.

"मग?" मी सोडणार नव्हते. "खोटं बोललास तू आस्याशी?"

"नाही." त्याने बोटांवर मोजायला घेतलं. "बातमी तीच होती. कोणी पाहिलं, कोणी ऐकलं, तेही तेच. ते बदललं असतं तर खोटं."

"आणि शब्द?"

"शब्द आपले आपले असतात. दातोचे शब्द मी कशाला पाठ करू? मी पोपट आहे का?"

एवढं बोलून तो स्वतःच थांबला. रस्त्यावरचे दोन खड्डे गेले. मग माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाला, "म्हणजे ओडेरो मला वाटेत भेटले असं समजायचं. आणि पुढे तुम्ही भेटलात."

मला त्या क्षणी त्याला मिठी मारावीशी वाटली. पण भाव खाणं सोडायचं नाही म्हणून म्हटलं, "इतके दिवस हेच तर सांगत होते." हे साफ खोटं होतं, आणि तेकलेलाही ते कळलं असावं.

कादाफोकाकाच्या वस्तीवर मी बकरा घ्यायला गेले होते ती दोन दिवस राहिले. उंटाचं दूध, विस्तवावरची भाकरी आणि डागू. हुमेद ओडेरोंच्या लेखाचं एक पान वाचायचा, मिटून झोपडीत ठेवायचा, बाहेर फेरी मारून माझ्यासमोर येऊन उकिडवा बसायचा. मग मी विचारायचे. काय कळलं? कोणी सांगितलं? त्याने पाहिलं की ऐकलं? कुठे? मग काय झालं? आधी अफार भाषेत, मग इंग्रजीत, मग कागदावर. वाक्यं आखूड होती, एखादं अडखळत होतं, पण स्वतःच्या पायांवर उभं होतं. व्याकरण मी दुरुस्त करत होते. एखादं वाक्य ओडेरोंनीच इतकं नेमकं म्हटलं असलं की ते कसं अवतरणात ठेवायचं, तेही शिकवलं. काका आधी लांबून बघत होते. मग जवळ येऊन बसले आणि प्रत्येक पानानंतर विचारू लागले, "पुढे काय म्हणतो तो केनियावाला?"

एका पानाला हुमेद अडला. फेरी मारून आला, बसला, आणि बोलेचना.

"विसरलास?"

"नाही. ओडेरो म्हणतात, वेड्या बाभळीच्या शेंगा उत्तम चारा आहेत. त्यांच्याकडची जनावरं त्यावर धष्टपुष्ट झाली. त्यांनी स्वतः पाहिलंय."

"मग सांग तसं."

"पण काकांच्या शेळ्या मी पाहिल्यात. दुष्काळात दुसरं काही नव्हतं, शेंगाच खात होत्या. दात किडले, जबडे वाकडे झाले. समोर गवत असून चावता येईना. उपाशी मेल्या." त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. "बाई, हे पान मी पहिल्या प्रबंधात जसंच्या तसं उतरवलं होतं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि शेळ्या आठवल्यासुद्धा नाहीत."

शेळ्या मेल्या तेव्हा तो त्यांच्याजवळ बसलेला असणार, आणि तरी तो 'उत्तम चारा' असं लिहून गेला होता.

"वाटेत कोणी भेटलं तर काय सांगशील?" मी विचारलं.

"दोन्ही. तिकडे त्यांनी काय पाहिलं ते. इकडे मी काय पाहिलं ते."

"मग लिही."

सुट्टीनंतर आम्ही दोघं डॉ. बेयेनेंसमोर बसलो. त्यांच्या संगणकात जुळणारी वाक्यं लाल होऊन दिसतात. मागच्या वेळी पडदा वाळत घातलेल्या मिरच्यांसारखा होता. आता अवतरणात ठेवलेल्या ओळी सोडल्या तर पानं पांढरी होती. बेयेने पानं सरकवत सरकवत वाचत गेले. मी हुमेदकडे पाहायचं टाळत होते.

एका ठिकाणी ते थांबले.

"इथे नाव नाही. बाकी प्रत्येक गोष्टीला आहे, या शेळ्यांना नाही. हे कोणाकडून घेतलंस?"

हुमेदचा चेहरा उतरला. आजवर नावावाचून त्याने एक ओळ लिहिली नव्हती, पण स्वतःचंही नाव द्यायचं असतं हे त्याला सुचलंच नव्हतं. "ते... मी पाहिलं सर."

"स्वतः?"

"स्वतः."

"कुठे? कधी?"

तो सांगू लागला. बेयेने विचारू लागले. दात आधी पुढचे गेले की मागचे? पिल्लांनाही झालं का? शेंगा कुटून दिल्या असत्या तर? बिया काढून कोणी दिल्या का? खुर्ची कधी पुढे सरकली ते त्यांनाही कळलं नसावं. ओडेरो चुकले का, असंही त्यांनी विचारलं. हुमेद म्हणाला, "नाही सर, तिकडे तसं असेल. मी तिकडे गेलो नाही." बेयेनेंनी चष्मा काढून पुसला.

"बरोबर आहे सगळं," ते शेवटी म्हणाले, "पण ओळ उघडी आहे. वाचणाऱ्याला कळायला हवं कुठून आली."

स्वतः पाहिलेल्याला संदर्भ लागत नाही, मजकुरातच तसं म्हटलं की झालं, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण तोवर हुमेदने छापलेली प्रत पुढे ओढली होती, शेवटचं पान उलटलं होतं आणि संदर्भसूचीत, ओडेरोंच्या बरोबर खाली, पेनाने सावकाश लिहीत होता: 'यायो, हुमेद. कादाफोकाकांच्या वस्तीवर. स्वतः पाहिलं.'

संदर्भसूची अशी लिहीत नाहीत. हे बेयेनेंना ठाऊक होतं, आणि मी तर आयुष्यभर हेच शिकवत आले आहे. त्यांनी त्या ओळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागले, आणि त्यांनी सही केली.