पेलेगला न लिहिता आलेला ‘पण’

गावाला टोप्या घालणं हा माझ्या वडिलांचा धंदा होता. हे ते स्वतःच सांगत, आणि समोरचा हसेपर्यंत चेहरा गंभीर ठेवत. ऱ्होड आयलंडच्या आमच्या किनाऱ्यावर निम्म्याअधिक डोक्यांवर वडिलांची, म्हणजे एल्नेथनची, टोपी असे. ती कुणासमोर कधीच उतरत नसे असं डोकं मात्र एकच, त्यांचं स्वतःचं. आम्ही क्वेकर पंथाचे. माणसासमोर टोपी काढायची नाही, शपथ घ्यायची नाही, लढाईला हातभार लावायचा नाही, कुणाला मानाने हाक मारायची नाही. न्यायाधीशालाही आम्ही ‘तू’च म्हणतो. म्हणून वडिलांच्या वयाचा पेलेगही मला नुसता पेलेग.

पेलेग गावचा कारकून, पंथाने बाप्टिस्ट आणि वडिलांचा सगळ्यांत जुना मित्र. स्वातंत्र्याच्या युद्धाच्या काळात तो गावचा शिपाई होता. वडिलांनी लढाईचा कर द्यायचं नाकारलं, तेव्हा तो माणसं घेऊन आमच्याकडे आला आणि टोप्यांची लोकर उकळायची तांब्याची काहील जप्त करून घेऊन गेला. आई आतल्या खोलीत तापाने पडली होती. त्या माणसांनी तिच्या उशाची पेटीसुद्धा उघडून पाहिली. आई त्या आजारातून उठली नाही. वडिलांनी त्याचा दोष कुणाला दिला नाही. ताप तो तापच, म्हणत. पेलेगबद्दल एवढंच म्हणत, “त्याने दार वाजवलं होतं हे खरं. उघडायला वेळ दिला नाही.”

देशाची नवी राज्यघटना छापून आमच्या गावापर्यंत आली, तेव्हा दोघांना हिवाळाभर पुरेल एवढं भांडण मिळालं. पेलेगला ती पसंत होती. तेरा राज्यं तेरा दिशांना ओढताहेत, असं तो म्हणे. शिवाय शपथेऐवजी नुसत्या प्रतिज्ञेवर भागेल अशी सोय त्यात होती, आणि ती त्याने स्वतः करून दिल्यासारखी तो वडिलांपुढे ठेवी. वडिलांना त्यात एक ओळ हवी होती. सरकारच्या माणसाने कुणाच्या घरात असं शिरू नये, एवढीच.

“प्रत्येक हक्क लिहायला बसलो तर कागद पुरायचा नाही,” पेलेग म्हणाला. “आणि एखादा राहिला, तर उद्या म्हणतील, तो तुम्हाला नाहीच. न लिहिलेलंच बरं.”

“माझी काहील नेलीस ती कुठल्या न लिहिलेल्या हक्काने, तेवढं सांग.”

“काहील मी अदबीने नेली, एल्नेथन.”

“हो. जाताना मला टोपीसुद्धा काढून दाखवलीस. मीच केलेली.”

बाकीच्या राज्यांनी शहाणी माणसं निवडून घटना मान्य करायची का हे ठरवायचं काम त्यांच्यावर सोपवलं. आमच्या राज्याने गावोगावच्या प्रत्येक मतदाराला विचारायचं ठरवलं, म्हणजे भांडायला कुणी कमी पडायला नको. शहरातले व्यापारी घटनेच्या बाजूचे; ते रुसून घरीच बसले. आमच्या गावची सभा खानावळीत भरली. मी स्वयंपाकघराच्या दारात मक्याची धिरडी घेऊन उभी होते. बायकांना मत नव्हतं, पण धिरडी गार होईपर्यंत उभं राहायला कुणी हरकत घेत नसे.

पेलेग एकेक नाव पुकारी; माणूस उठून ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणे. वडिलांचं नाव आलं. ते उठले आणि गप्प उभे राहिले. आमच्या प्रार्थनासभेत असंच असतं. आतून शब्द येईपर्यंत थांबायचं, आणि आला नाही तर बोलायचंच नाही. तिथे मत मोजत नाहीत. पण ही प्रार्थनासभा नाही, हे वडील विसरले असावेत. लोक आधी आदराने गप्प बसले, मग खोकू लागले. सभापतींनी माझ्या हातातल्या धिरड्यांकडे दोनदा पाहिलं.

शेवटी वडील म्हणाले, “होय, पण दाराची ओळ घालणार असाल तर.”

“‘पण’ला जागा नाही,” पेलेग म्हणाला. “होय की नाही?”

“मी नाही म्हटलेलं नाही.”

“मग होय लिहू?”

“तेही म्हटलेलं नाही.”

“एल्नेथन, लोकांना भुका लागल्यात.”

वडिलांनी भुकेल्या सभेकडे पाहिलं. “मग नाही लिही,” ते म्हणाले. “पण हे ‘पण’वालं नाही आहे, तेवढं लक्षात ठेव.”

“ठेवतो,” पेलेग म्हणाला. त्याने ‘नाही’ लिहिलं, आणि त्यानंतर स्वतःचं ‘होय’ इतक्या जोरात पुकारलं की सगळे हसले. तशी ‘होय’ आमच्या गावात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढीच होती.

दोन वर्षांनी, सगळ्यांत शेवटी, कुरकुरत, आमचं राज्य देशात आलंच. घटनेला हक्कांची जोड देणार असल्याचं ऐकू येत होतं. वडील मला रोज विचारत, आली का ओळ? ती पक्की होण्याआधीच, पानगळीच्या दिवसांत ते गेले. आमच्यात कबरीवर दगड ठेवत नाहीत. जागा लक्षात ठेवावी लागते.

त्या हिवाळ्यात एका दुपारी दार वाजलं. मी कणीक मळत होते. हात पुसले, चुलीपाशी सांडलेलं आवरलं, तोवर दुसरी थाप पडली नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. उघडलं तर बाहेर बर्फात पेलेग उभा, हातात टोपी आणि वर्तमानपत्र.

“ढकलून यायचंस ना,” मी म्हटलं.

“थांबलो,” तो म्हणाला. “तुझ्या बापाचा ‘पण’ घेऊन आलोय.”

त्याने उंबऱ्याबाहेरूनच वाचलं, की लोकांना आपल्या घरादारात अवाजवी झडतीपासून सुरक्षित राहण्याचा हक्क आहे. मग त्याने वर्तमानपत्राची घडी घातली.

“अवाजवी म्हणजे न वाजवता, असं म्हणाला असता तो,” पेलेग म्हणाला.

“आणि हसला नसता,” मी म्हटलं.

तो आत आला. वडिलांच्या खुर्चीसमोर टोपी छातीशी धरून उभा राहिला.

“त्याच्यासाठी काढलेली चालेल का गं? की चिडेल?”

“चिडेल,” मी म्हटलं.

त्याने टोपी घातली आणि बसला.