चकाकणारे दात

मी एका मोटारसायकलच्या मागच्या चाकाचे दातेरी चक्र आहे. आता जुने झालेले. गॅरेजात मला स्प्रॉकेट म्हणतात. मित्रांनो, मी काही पराक्रम गाजवलेला नाही. माझ्या हातून जे झाले, ते सांगताना आजही मला तोंड लपवावेसे वाटते.

पोलादाच्या पत्र्यातून मला कापले, भट्टीत तापवले आणि माझे दात कडक केले. पुढे इंजिनाजवळ माझा धाकटा भाऊ, म्हणजे लहान चक्र, मागे मी आणि आम्हा दोघांना बांधणारी चेन, असा आमचा तिघांचा संसार सुरू झाला. आमची मालकीण घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेई. गल्लीतली मुले तिला सुईताई म्हणत. गाडीच्या मागे बर्फाची पेटी, पेटीत नळ्या आणि दुपारच्या आत सगळे तपासणी केंद्रात पोहोचवायचे, असा तिचा रोजचा धावपळीचा क्रम होता.

पहिली दोन वर्षे दर रविवारी ती जुन्या ब्रशने आम्हाला घासून तेल देई. "गाडी कशी लोण्यासारखी चालते," असे शेजारी म्हणत, तेव्हा मी मनातल्या मनात फुगत असे. पुढे घरे वाढली, कामे वाढली आणि रविवारही कामात गेले. तेलाची बाटली कपाटामागे पडली. धूळ आणि चेन मिळून माझे दात झिजवू लागल्या. दात वाकून मांजराच्या नखांसारखे टोकदार झाले, पण घासून घासून चकाकत मात्र होते.

एके दिवशी चेन इतकी सैल झाली की कटकट ऐकून रस्त्यातले लोक वळून पाहू लागले. ताईचा हात तेव्हा आखडता होता. सुट्या भागांच्या दुकानात दुकानदारकाकांनी विचारले, की चक्रेही बदलताय ना? ताईने बाहेर येऊन माझ्याकडे वरवर पाहिले. मी उन्हात चमकत होते. "चक्रं अजून चांगली आहेत, नुसती चेन द्या," ती म्हणाली. घाईतल्या एका मिस्त्रीने चेन बसवून दिली. कटकट थांबली. मी वाचले, म्हणून मला आनंद झाला.

नवी चेन गरीब बिचारी. माझ्या वाकड्या दातांवर ती रोज ओढली जाई, रोज थोडी ताणली जाई. मला ते कळत होते. दोन महिन्यांत ती माझ्यावर नीट बसेना.

मग तो दिवस आला. ताईने एका म्हाताऱ्या मास्तरांचे रक्त घेतले. त्यांची शीर सापडत नसे. तीनदा टोचावे लागले. तिथून निघालो आणि उड्डाणपुलावर चेन माझ्या दातांवरून उडी मारून उतरली. ताईने हात काळे करून ती चढवली, ती पुन्हा उतरली. भर उन्हात गाडी ढकलत केंद्र गाठेपर्यंत बर्फाचे पाणी झाले होते. नमुने वाया गेले.

संध्याकाळी ताई मास्तरांकडे परत गेली. रागावतील, असे तिला वाटले होते. त्यांनी बाही वर केली आणि म्हणाले, "घे बाई, आता या हाताची पाळी." हे तिने नंतर दुकानात सांगितले, तेव्हा मी ऐकले. ते रागावले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी ताई गाडी ढकलत तडक दुकानात गेली आणि चार गिऱ्हाइकांसमोर काकांना म्हणाली, "तुम्ही मला खोटा माल दिलात." काकांनी आवाज चढवला नाही. ते बाहेर आले, माझ्यापाशी उकिडवे बसले आणि मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून ओढली. ती माझ्यापासून सुटी झाली. अर्धा दात उघडा पडला. मग त्यांनी एक नवे चक्र आणून माझ्याशेजारी धरले.

"चेन खोटी नव्हती, ताई. हे दात बघा."

ताईचा चेहरा उतरला. माफी मागायला ती वळली, तोवर गिऱ्हाइके निघून गेली होती. बोल सगळ्यांनी ऐकला, माफी ऐकायला कोणी उरले नव्हते. म्हणून पुढच्या सकाळी गर्दीच्या वेळी ती पुन्हा आली आणि सर्वांदेखत म्हणाली, की काल मी काकांवर खोटा आळ घेतला, चूक माझी होती. चूक तिची नव्हे, माझी होती, हे मला ओरडून सांगायचे होते. पण लोखंडाला वाचा कुठली?

काकांनी तिला भारी नव्हे, पण खात्रीचा तिघांचा संच दिला. मजुरी वाचावी म्हणून स्वतःचे पाने देऊन दुकानामागे तिच्याच हातून तो बसवून घेतला. चेन दोन बोटे सैल ठेवायची, हेही शिकवले. मला त्यांनी खिळ्याला टांगले. कोणी नुसती चेन मागितली, की ते मला काढून त्याच्या हातात देतात. लोक माझ्या दातांवर अंगठा फिरवतात आणि तिघांचा संच मागतात.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर कधीतरी तिच्यापाशी खाली बसा. चेनला वेळेवर तेल द्या. बदलायची वेळ आली तर तिघांना एकदम बदला. तेच शेवटी स्वस्त पडते. आणि चकाकीवर जाऊ नका. नुसती चेन घेतली त्या दिवशी ताई जरा वाकली असती, तर मी सापडले असते. तेव्हा सुटले म्हणून आनंदले होते. आता वाटते, मी तेव्हाच सापडायला हवे होते.