सतरा इंची चाकं

शनिवारी सकाळपासून विनिसियोच्या जिवाला स्वस्थता नव्हती. चार वाजता लेकीच्या पंधराव्या वाढदिवसाची, त्यांच्याकडे लग्नाइतकी थाटाची, प्रार्थना होती. यारेलिसला चर्चला मीच नेणार, हे त्याने आठवडाभर भांडून वदवून घेतलं होतं. तीन वर्षं ती आईबरोबर फाउस्तोच्या घरी राहत होती. आईच्या या दुसऱ्या नवऱ्याकडे चकचकीत काळी जीप होती. विनिसियोकडे होती ती सांतो दोमिंगोच्या रस्त्यांवर एकोणीस वर्षं शेअर टॅक्सी म्हणून पिदडलेली जुनी गाडी.

म्हणून त्याने चाकं बदलली. तेरा इंची काढून सतरा इंची चंदेरी रिम, वर रुंद टायर.

"मडगार्डला लागतील," टायरवाला चिचो म्हणाला.

"तू बसव रे. माझी गाडी मला माहितीये."

चाकं बसल्यावर विनिसियोने गल्लीत चार चकरा मारल्या, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, मुद्दाम खड्ड्यात घातली. कुठे घासलं नाही. मैदान मारल्यासारखं त्याने चिचोकडे पाहिलं. पुढे दोन आणि मागे चार माणसं कोंबल्याशिवाय ज्याने आयुष्यात एक फेरी केली नाही, त्या शहाण्याला गाडी भरून बघायचं काही सुचलं नाही.

साडेतीनला सगळे निघाले. मागे यारेलिस, तिचा घेरदार गुलाबी झगा, त्यात बुडालेली आजी आणि दोन आत्या. पुढे मोठी आत्या मिलाग्रोस, मांडीवर केक घेऊन. यारेलिसची आई आधीच चर्चमध्ये होती. फाउस्तो आपली रिकामी जीप घेऊन मागून येत होता.

पहिल्याच गतिरोधकावर खर्रर्र आवाज आला.

"काय रे ते?" आजीने विचारलं.

"काही नाही आई, रस्ता खराब आहे."

वळणावर पुन्हा खर्रर्र.

"रस्ता जळतोय वाटतं," मिलाग्रोस नाक उडवत म्हणाली. "वास येतोय बघ."

विनिसियोने गाडी कडेला घेतली. मागच्या टायरला मडगार्डच्या कडेने असं कापलं होतं की आतले धागे दिसत होते. पुढे मोठा रस्ता होता, भरधाव ट्रक होते. फक्त दोन किलोमीटर, हळूहळू नेली तर? त्याने दोनदा दार उघडलं, दोनदा लावलं. मग काचेतून यारेलिस दिसली. आईने हौसेने बांधलेल्या केसांना धक्का लागू नये म्हणून मान ताठ धरून बसली होती. विनिसियोला भडभडून आलं.

"उतरा सगळे," तो म्हणाला. "फाउस्तोच्या गाडीत बसा."

आजी आणि आत्या कुरकुरत उतरल्या. यारेलिस जागची हलली नाही.

"आणि तू?"

"चाक बदलतो आणि आलोच मागोमाग."

"थापा मारू नकोस, पप्पा. शाळेच्या समारंभालाही मागोमागच येणार होतास. फाउस्तो दिसला की तुझं पाऊल अडतं. तू त्या जीपमध्ये बसल्याशिवाय मी इथून उठणार नाही."

"अगं, जागा कुठे आहे?"

"जागा नाही? तू म्हणतोस हे?"

मिलाग्रोस फिस्सकन हसली. घड्याळात चारला दहा कमी होते. विनिसियोने गाडीला कुलूप लावलं आणि मान खाली घालून जीपकडे गेला. मागची सीट झगा, आजी आणि आत्यांनी भरली. पुढच्या एका सीटवर मिलाग्रोस, तिचा केक आणि उरलेल्या वीतभर जागेत तो.

"सरक जरा, अजून एक बसतोय," मिलाग्रोसने त्याच्याच टॅक्सीतल्या सुरात त्याला ढोसलं.

"दार हळू लावा हं, दादा," फाउस्तो म्हणाला. गाडीच्या काळजीने की टॅक्सीवाल्यांचं हे पालुपद त्याच्यावरच उलटवून चिडवायला, ते त्यालाच ठाऊक.

विनिसियोने दार हळू लावलं. अपमानाने त्याचे कान तापले होते. पुढच्या सिग्नलला जीप थांबली तेव्हा त्याचा हात आपसूक दाराच्या कडीकडे गेला. त्याच क्षणी मागून यारेलिसने त्याच्या कोटाची कॉलर मुठीत धरली. चर्चच्या पायऱ्या येईपर्यंत तिने ती सोडली नाही.