हशासाठी सोडलेली जागा

विल्फ ऑर्मरॉडने वाक्य टाकलं आणि तो थांबला. कप ओठांपाशी, भुवया वर, नजर एरवी प्रेक्षक बसतात तिकडे. तिथे आज कॅमेरा होता, आणि श्वास रोखून उभी असलेली माणसं. हसायची कुणाला परवानगी नव्हती. हसलं की आवाज फिल्मवर जातो.

“कट!” दिग्दर्शक क्लाइव्ह वैतागला. “विल्फ, कुणाची वाट बघताय? बसची?”

आमची विनोदी मालिका वर्षानुवर्षं दर रविवारी भरल्या स्टुडिओसमोर व्हायची. विल्फ त्यात घरातला बाप, बर्ट. मी विल्फचे कपडे सांभाळायची, त्यामुळे ते जवळून बघितलेलं. कोळ्याला लाट कळावी तसा त्याला हशा कळायचा. हशा ओसरायला लागला की पुढचं वाक्य. आता त्याच मालिकेचा सिनेमा होत होता. टीव्हीवरचं कुटुंब सिनेमात गेलं की सुट्टीला स्पेनला जाणार, अशी तेव्हा रीतच होती.

“ह्या मोकळ्या जागांनी सिनेमा मरेल,” क्लाइव्ह म्हणाला. वाईट नव्हता बिचारा. त्याच्याही डोक्यावर निर्माता बसलेला. “आज जमलं नाही, तर तुमचा बर्ट विमानतळावर पाय मोडून घेईल आणि बाकीचे स्पेनला जातील.”

विल्फ हसला. पण चहा न पिताच त्याने कप ठेवून दिला.

जेवायच्या सुट्टीत त्याने चिप्सना हात लावला नाही. “थांबायचं नाही, थांबायचं नाही, असं घोकतो,” तो म्हणाला. “पण समोर शांतता झाली की वाटतं, पडलो.”

“पडायला तू उभा कधी होतास?” डोरीन म्हणाली. ती त्याची पडद्यावरची बायको. असं म्हणत तिने त्याच्या चिप्स आपल्याकडे ओढल्या.

मला राहवलं नाही. “आमच्या वेल्समधल्या चॅपलात प्रवचनकार रंगात आला की बोलता बोलता गायला लागतो. ओळ वर नेतो आणि तिथेच सोडून देतो. समोरच्या मोठ्या बाकावरचे म्हातारे ‘आमेन’ म्हणून ती झेलतात, मग हा पुढे सरकतो. लहानपणी मला वाटायचं, देव तेवढ्याच जागेत येऊन बसतो.”

“ग्वेन, पोरी, इथे बाकावरचे म्हातारे कुठून आणू?” विल्फ म्हणाला.

डोरीनने बोटावरचं चिप्सचं व्हिनेगर चाटलं. “म्हातारी चालेल का?”

दुपारी पुन्हा तोच प्रसंग लावला. डोरीन बर्टच्या पोहायच्या चड्डीला इस्त्री करतेय, बर्ट चहा पितोय.

“विमानाला मी भीत नाही,” विल्फ म्हणाला. “जमिनीची सवय आहे, एवढंच.” आणि थांबला.

“हं,” डोरीनने मान वर न करता म्हटलं.

विल्फने चमकून तिच्याकडे पाहिलं. आता तो प्रेक्षकांच्या जागेकडे बघत नव्हता. “आपल्या अंगणात नाही असं स्पेनमध्ये आहे तरी काय?”

डोरीनने खिडकीबाहेर वाळत घातलेल्या, निथळणाऱ्या कपड्यांकडे सावकाश पाहिलं. “हं.”

“तुझी आई तर येत नाहीये ना?”

ह्या वेळी ‘हं’ आलंच नाही. तिचा इस्त्रीवरचा हात जागच्या जागी थिजला. ती नवऱ्याकडे बघत राहिली, आणि विल्फ त्या नजरेखाली इंचाइंचाने खुर्चीत खचत गेला. सगळा सेट गप्प. मी ओठ दाताखाली दाबून धरलेले.

आणि कुणीतरी फिसकन हसलं.

“कोण ते?” आवाजवाल्याने हेडफोन काढून आपटले. “टेक वाया गेला!”

“मी,” क्लाइव्ह म्हणाला. तो पटकथेच्या कागदांनी डोळे पुसत होता. “माफ करा. पुन्हा घेऊ. अगदी असंच.” मग सहायकाकडे वळून, “आणि विमानतळावरचं ते पाय मोडणं काढून टाक.”

विल्फने डोरीनचा हात धरला.

“हात सोड आधी,” डोरीन म्हणाली. “चड्डी जळतेय.”