लेकाचा आवाज

नाना सकाळपासनं वांग्याच्या रोपांत खुरपत बसलं होतं. वैशाखातलं ऊन, त्यात कोलकात्याची चिकट हवा. अंगातनं घामाच्या धारा. गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरपुढं जागा एवढीशी, पण माती गंगेच्या गाळाची, हातात घेतली की लोण्यावानी. बायको गेल्यावर लेकानं, सारंगनं, त्यांना गावाकडनं हितं आणलं. तवापासनं जिवाला विरंगुळा ह्या रोपांचाच.

फाटक वाजलं. मासळी विकणारी बाई होती. डोईवर टोपली, तोंड पांढरंफटक.

"दादू, एकटु जल..."

बाकी न्हाय, पण 'जल' नानांना कळलं. उठून त्यांनी कडीला हात घातला, तोच फाटकाच्या खांबावर सारंगनं बसवलेला कॅमेरा त्याच्याच आवाजात बोलला.

"नाना, फाटक उघडू नका. अनोळखी व्यक्ती आहे."

नाना दचकलं. पोरगं हाफिसात बसून सगळं बघतंय, हे ठावं होतं त्यांना. हात मागं आला.

"आरं, पाणी मागतीया ती!"

"नाना, फाटक उघडू नका."

आवाजाला ना राग, ना घाई. बाई गजाला धरून खाली सरकली. टोपली लवंडली, मासळी धुळीत पडली. गावाकडं वस्तीवर परका माणूस आला तर आधी पाण्याचा तांब्या, मग नाव-गाव. आन आज आपला हात मागं आला? आपण असं कवा झालो?

"सारंग, बाई मरंल रं! लेकरा, ऐक की!"

"नाना, फाटक उघडू नका."

नानांनी डोळं मिटलं आन कडी काढली.

घरातनं तांब्या आणून निम्मं पाणी बाईच्या तोंडावर मारलं, निम्मं पाजलं. घटकाभरानं बाई उठून बसली, मासळी गोळा केली, नानांच्या हाताला कपाळ लावून गेली.

सांजंला सारंग आला तसं नाना दारातच चाचरत म्हणालं, "तुझा शब्द मोडला बाबा. पर तू येवढा निर्दय कसा झालास?"

"मी? मी दिवसभर मीटिंगमध्ये होतो, नाना. ते आपोआप बोलतं. तुम्हाला परकं वाटू नये म्हणून माझा आवाज भरलाय त्यात."

नानांनी वळून खांबावरच्या कॅमेऱ्याकडं बघितलं.

"मग रोज दुपारी मी जेवलो का, ते तुझ्या आवाजात कोण इचारतं?"

सारंग बुटाच्या नाड्या सोडत राहिला.

"सांग की. तुझ्या आयचं सांगत बसतो मी, ते कोण ऐकतं?"

"नाना, घाबरू नका."

नाना पुढं झालं. त्यांनी लेकाच्या तोंडावर बोटं ठेवली.

"पुन्यांदा म्हण," ते म्हणालं, आन ओठ हलत्यात का ते चाचपत ऱ्हायलं.