नंबर अकरा, हजर

वाचनालयाच्या मागील बाजूस, जेथे पूर्वी जुनी वर्तमानपत्रे रचून ठेवीत असत, त्या खोलीत ज्येष्ठांचे विरंगुळा केंद्र भरत असे. एक खिडकी, एक लोखंडी कपाट, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, बुद्धिबळाचे दोन पट आणि बावीस खुर्च्या, एवढाच त्या खोलीचा संसार. परंतु ज्यांच्या घरी दिवसभरात दुसऱ्या मनुष्याचा शब्द उमटत नाही, त्यांच्या लेखी ते प्रत्यक्ष आश्रयस्थान होते.

केंद्राची धुरा बाईंकडे होती. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. सकाळी दहाच्या ठोक्याला त्या हजेरी घेत, आणि तीही नावाने नव्हे, नंबराने. "या वयात नाव विसरेन, आकडा नाही विसरायची," असे त्या म्हणत. ज्या नंबराचे ‘हजर’ ऐकू येत नसे, त्याच्या घरी साडेदहाला दोन माणसे रवाना होत. एक सभासद भगिनी तीन दिवस बंद दाराआड निष्प्राण पडून राहिली, तेव्हापासूनचा हा नियम. बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे त्यांचा सारा भरवसा कानांवर.

नंबर दहा निवृत्त शिंपी, नंबर अकरा घड्याळे दुरुस्त करणारा. दोघेही विधुर. केंद्रात त्यांना टाके-ठोके म्हणत. सबंध गावाची घड्याळे ज्याने लावून दिली, तो ठोके स्वतः कधी अकराच्या आत येत नसे. त्याच्या घराचे तीन जिने दोन वृद्धांनी नाहक चढू नयेत, म्हणून टाके रोज त्याचेही ‘हजर’ म्हणून टाकी. ठोक्याला बोलण्यापूर्वी कोरडे खोकण्याची सवय होती. भिंतीवरचे जुने घड्याळ टोल देण्याआधी घरघरते, अगदी तसे. टाके ती घरघर हुबेहूब काढी. मागच्या रांगेत हसू दाबले जाई, आणि अकराला ठोके येऊन पटापुढे बसे. या लबाडीत कोणालाही पाप दिसले नव्हते.

अशातच पाहणीसाठी नगरपालिकेचे साहेब येणार असल्याचे पत्र आले. पाहणीच्या दिवशी पंधरा सभासद न भरल्यास खोली कचेरीच्या दप्तरांसाठी जाणार होती.

"उद्या तरी वेळेवर ये," आदल्या दिवशी टाके प्यादे सरकवीत म्हणाला.

"मी वेळेवरच असतो. तुम्हा लोकांची घड्याळं पुढे पळतात."

"थट्टा नाही रे. पंधरा डोकी लागतात. कमी पडली की कुलूप."

"तू एकटाच दोघांइतकं बोलतोस, कशी कमी पडतील?"

"वजीर सांभाळ आधी!"

"वजिराचं मी बघतो. तू माझा खोकला सांभाळ," ठोके म्हणाला, आणि पुढच्याच चालीत वजीर घालवून बसला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता खोलीत चौदा माणसे होती. बाकीची कोणी तापाने, कोणी नातवंडांपायी अडकलेली, तसे निरोप आधीच आलेले. साहेब टेबलाशी कागद पसरून बसले. बाई एकेक आकडा उच्चारू लागल्या. "नंबर दहा." "हजर!" "नंबर अकरा."

टाक्याने दाराकडे पाहिले. गप्प राहावे, तर चौदा. मग ही खिडकी नाही, हे पट नाहीत, सकाळी अंघोळ करून कोठे जायचे हा प्रश्नच तेवढा उरायचा. आणि ठोके तर अकराला येणारच.

त्याचा घसा घरघरला. "हजर."

साहेबांची मान कागदातून वर आली नाही. त्यांनी पंधराचा आकडा लिहिला.

"वर्षभर निश्चिंत राहा, बाई."

बाईंच्या मुद्रेवर असा आनंद कोणी कधी पाहिला नव्हता. चहा आला. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. टाक्याने सोंगट्या मांडून ठेवल्या होत्या. ‘वजीर गेला म्हणून रुसलाय लेकाचा,’ असे त्याने मनाशी दोनदा म्हणून पाहिले. साहेब साडेबारापर्यंत कपाटातील वस्तूंची यादी करीत बसले. त्यांच्यादेखत तोंड उघडणे शक्य नव्हते. ते गेल्यावर बाई सर्वांना पुन्हा पुन्हा "पंधरा! पुरते पंधरा!" असे सांगत राहिल्या, आणि टाक्याची जीभ रेटेना. दोन वाजता तो निघाला. दुखऱ्या गुडघ्यांनी तीन जिने चढायला त्याला बराच वेळ लागला.

शेजारणीपाशी किल्ली होती. ठोके न्हाणीघरात पडला होता. देह अजून पुरता थंड झालेला नव्हता. एका गालावर दाढीचा साबण वाळून पांढरा झाला होता, दुसरा गाल स्वच्छ. उजव्या मुठीत पितळी तांब्या.

"सकाळपासून नळाच्या पाइपावर कुणीतरी ठोकत होतं हो," शेजारीण कापऱ्या आवाजात म्हणाली. "मला वाटलं, प्लंबर आलाय. दीड वाजता थांबलं."

पाचव्या दिवशी ठोक्याची परगावी राहणारी मुलगी केंद्रात आली. तिच्या स्वरात राग नव्हता. टाक्याला तेच असह्य झाले.

"बाई, बाबा नेहमी सांगायचे, मी नाही गेलो तर दोन माणसं दार ठोठावतात. म्हणून तर मी तिकडे निर्धास्त झोपायचे. त्या दिवशी कुणीच कसं आलं नाही?"

बाईंनी हजेरीपुस्तक उघडून डोळ्यांजवळ नेले. "अगं, ते इथे होते त्या दिवशी. मी माझ्या कानांनी ऐकलं. घरी परतल्यावर पडले असतील."

"अर्धी दाढी करून ते इथे आले होते?"

बाईंची बोटे पानावरून फिरत राहिली. "मग मी काय ऐकलं?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "डोळे गेलेच होते, आता कानही गेले म्हणायचे. माणसांचे जीव माझ्या कानांवर ठेवलेत मी. हे पुस्तक उद्यापासून दुसऱ्या कुणीतरी घ्या."

टाके उठून उभा राहिला.

"तुमचे कान शाबूत आहेत, बाई," तो म्हणाला. मग तो ठोक्यासारखाच कोरडा खोकला आणि म्हणाला, "हजर."

मुलगी चटकन दाराकडे वळली. दारात कोणी नव्हते. क्षणभराने ती पुन्हा फिरली, तेव्हा तिला सारे उमगलेले होते.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुम्ही नुसते गप्प बसला असता, तरी झालं असतं."

बाईंनी अकरापुढची त्या दिवशीची हजेरीची खूण खोडली, पंधराचे चौदा केले आणि त्याच दिवशी साहेबांना पत्र धाडले. उत्तर फोनवर आले. अहवाल वर गेलेला आहे, आता खाडाखोड करून सर्वांनाच अडचणीत आणू नये, खोली आपलीच आहे. दिवंगत मनुष्य कचेरीच्या कागदावर हजर राहिला, आणि त्याच्या बळावर खोलीही राहिली.

दुसऱ्या सकाळी नंबर दहाचे ‘हजर’ आले नाही. साडेदहाला नियमाप्रमाणे दोन माणसे निघाली. त्यांतील एक स्वतः बाई होत्या. भिंत चाचपीत त्या टाक्याच्या दाराशी पोहोचल्या. सोबतीण पायरीवरच थांबली.

दार उघडले.

"जिवंत आहात, एवढं पाहायचं होतं," बाई म्हणाल्या.

"आत या ना, बाई."

"नको. उद्यापासून दहाला येत जा."

"कोणत्या तोंडानं येऊ?"

"तोंड मला दिसतच नाही, मास्तर. मला फक्त ऐकू येतं." त्यांनी काखेतले हजेरीपुस्तक उघडले, पेन्सिल काढली, आणि चाळीस वर्षे वर्गात म्हणत आल्या होत्या त्याच सुरात म्हणाल्या, "नंबर दहा."

टाक्याने ओठ उघडले. परंतु शब्दाआधी त्याचा घसा आपोआप घरघरला, कोरडा, अगदी तसाच. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

बाई वाट पाहत राहिल्या. मग त्यांनी दहा या आकड्यापुढे गैरहजेरीची खूण केली, पुस्तक मिटले, आणि भिंतीला हात लावून त्या एकेक पायरी उतरू लागल्या.