मामांच्या निरोपाची शीळ

आमच्या दातांच्या लॅबमध्ये पॉलिशचं मशिन मी चालवायचो. त्याचा आवाज असा, की शेजारच्या गल्लीतली मांजरंही खाणाखुणांनी भांडायची. खोटं वाटत असेल तर त्या मांजरांना विचारा. वर तोंडाला मास्क. म्हणून मालकीणबाईंनी प्रत्येकाच्या टेबलाशी एकेक कॉम्प्युटर बसवला, धुळीपासून वाचावा म्हणून त्याला प्लॅस्टिक गुंडाळलं आणि त्यात मेसेंजर टाकून दिला. या खोलीतून निरोप लिहायचा, त्या खोलीत टुण वाजायचं. नवल होतं तेव्हा ते.

पण नुसत्या टुणवर आमचं भागेना. हात मेणात नाहीतर प्लॅस्टरात. कुणाचा निरोप ते बघायला मान वळवावी, तर दाताचा कोपरा उडालाच. तेव्हा भाच्याने शोधून काढलं, की या मेसेंजरमध्ये माणसागणिक वेगळा आवाज लावता येतो.

भाचा म्हणजे प्लॅस्टरच्या खोलीतल्या मामांचा सख्खा भाचा. मामांनीच त्याला इथे चिकटवलं, सुरी धरायला शिकवली. मामा साऱ्या लॅबचेच मामा झाले, तसा हाही सगळ्यांचा भाचा. मेसेंजर सजवण्यात पोरगा वस्ताद. खिडकीला लाकडाचा रंग देई, नावापुढे डोळे मिचकावणारा बेडूक बसवी, नावाखाली रोज नवी ओळ टाकी. मालकीणबाईंना त्याने शाळेची घंटा लावली, सिरॅमिकवाल्या ताईंना कपबशी फुटल्याचा आवाज, आणि मला म्हैस. म्हैसच का, ते मी विचारलं नाही. उत्तर आलं असतं.

मामांना काय लावलं, ते सांगताना मात्र मला खाली बघावं लागतं.

मामा बोलताना शीळ वाजायची. 'स' आला की स्फीऽऽ. मामांच्या तोंडात कवळी होती आणि ती भाच्याच्या हातची पहिली कवळी होती. कवळी मेणात असतानाच ती घालायला लावून माणसाकडून साठ ते सत्तर आकडे म्हणवून घ्यायचे, ही आमच्या धंद्याची रीत. एकसष्ट, बासष्ट करता करता शीळ असली तर तिथेच पकडली जाते. भाच्याला घाई होती, त्याने आकडे म्हणवलेच नाहीत. मामांनी तक्रार केली नाही. उलट येईल त्याला ओठ वर करून दाखवायचे, "भाच्याने केलीय!" आणि आम्ही शिळेबद्दल विचारलं, की भाचा म्हणायचा, "मामांची जीभच जाड आहे."

भाचा कोरीवकाम करायला बसला की मामा मागे उभे राहून म्हणत, "सावकाश, सोन्या, सावकाश." एकदा भाच्याने माइक सुरू ठेवून तेच पकडलं, शीळ चांगली ठसठशीत केली आणि मामांच्या नावाला लावून दिलं. आम्ही पोट धरून हसलो. "मलाही दे रे," म्हणून एकेकाने तो आवाज आपापल्या कॉम्प्युटरवर घेतला. मीसुद्धा. मामांना पत्ता नव्हता, कारण आपण धाडलेला निरोप आपल्याकडे वाजत नाही. आपण लिहिलं की सगळे लगेच उत्तर देतात, याचंच त्यांना अप्रूप. एका बोटाने, रोमन अक्षरांत, काम नसतानाही लिहायला लागले: 'चहा झाला का?' इकडे खोलीखोलीत स्फीऽऽ आणि खी खी.

मग तो दिवस. आमची भट्टी पेटली की नेटवर्क पेंगायचं, निरोप वाटेतच आडवे व्हायचे. मामांनी 'साचा तयार' असं लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा धाडलं. पुन्हा. शेवटी साचा हातात घेऊन स्वतःच, भाचा, ताई आणि मी बसायचो त्या मोठ्या खोलीत आले.

"काय रे, बहिरे झालात का सगळे?"

तेवढ्यात ताईंनी भट्टी बंद केली. अडकलेले सगळे निरोप एकदम सुटले. भाच्याच्या कॉम्प्युटरवर, ताईंच्या, माझ्या. "स्फावकाश, स्फोन्या, स्फावकाश!" एक संपतोय तोवर दुसरा. ताई स्पीकरची वायर उपटायला धावल्या, तर उपटली माझ्या मशिनची. मशिन थांबलं, आणि त्या शांततेत शीळ अशी घुमली की काय सांगू.

मामा उभेच. "हा मी?"

ताई आता खरी वायर शोधू लागल्या.

"इतकी वाजते?" त्यांनी तोंडावर हात धरला. "नातीच्या शाळेत मी गोष्ट सांगितली, तेव्हा पोरं लोळून हसली. मला वाटलं, गोष्टीला हसली."

भाच्याचे कान लाल. "मामा, ते... नुसती गंमत..."

तेवढ्यात मालकीणबाई दारात आल्या. "कसली शीळ ती? भाच्याने कवळी बिघडवली की काय यांची?"

"कवळीत दोष नाही, बाई," मामा पटकन म्हणाले. तोंडावरचा हात तसाच. "माझी जीभच जाड आहे."

भाच्याचंच वाक्य. ते त्यांच्या कानावर केव्हा गेलं होतं, देव जाणे. भाचा मेणात बघत राहिला. मेण पाघळत होतं, पण त्याला बर्नर बंद करायचं सुचेना. मीही उगाच चष्मा पुसत बसलो. चष्मा स्वच्छच होता.

त्यानंतर मामा बोलेनासे झाले. समोर उभे असले तरी मानेने हो-नाही. मेसेंजरवरही फक्त कामापुरतं.

भाच्याने नवी कवळी करायला घेतली. मेणात दात बसवले, मामांना खुर्चीवर बसवलं. वर बघायची त्याची हिंमत नव्हती. "मामा, साठापासून म्हणा."

मामांनी मानेनेच नाही म्हटलं. आम्ही कामं सोडून बघत होतो.

"म्हणा ना, मामा. मी तेव्हा म्हणवून घेतलं नाही. दोष माझाच होता. बाईंनाही सांगून आलोय."

मामांनी तोंडातली मेणाची कवळी जिभेने चाचपली. मग हळूच, "साठ. एकसष्ट. बासष्ट..." सत्तरापर्यंत. कुठे शीळ नाही. शब्द अगदी धुतल्या काचेसारखे.

भाच्याने तोंड फिरवून नाक पुसलं. "तो आवाज मी सगळीकडून काढून टाकतो."

"कशाला?" मामा म्हणाले. "तुझे हात मेणात असतात. निरोप माझा आहे हे कळणार कसं? राहू दे."

राहिला. मामा दिवसभर स्वच्छ बोलायचे, आणि निरोप आला की जुनी शीळ. आम्ही कुणी हसत नव्हतो. भाच्याचे कान मात्र दर वेळी लाल व्हायचे, इतके की हिवाळ्यात ताई त्यावर हात शेकायच्या. मामांनी तो आवाज मायेने ठेवला की खोडीने, हे त्यांना विचारायची माझी छाती झाली नाही. एवढंच दिसायचं, की काम नसलं तरी ते सकाळी भाचा कामाला बसला की बरोबर लिहायचे: 'चहा झाला का?'